वारा कोणत्या खांद्यावर

मीना अब्दुल्लात वाऱ्याची दिशा कळायला फोन उघडावा लागत नाही. रिफायनरीच्या फ्लेअरवरची ज्योत पाहिली की पुरतं. ती समुद्राकडे झुकलेली असेल तर वारा वायव्येचा, शमाल. कोरडा, डोळ्यांत धूळ घालणारा, पण घाम वाळवणारा. ती वाळवंटाकडे कलली आणि तिच्याभोवती दमट हवेचं पिवळट वलय दिसलं, की कौस सुटला असं समजायचं. कौस समुद्रावरून ओल घेऊन येतो. त्या दिवशी घाम येतो आणि अंगावरच राहतो, कपडे पिळून काढावे लागतात, साध्या सपाट रस्त्यावरही धाप लागते. पहाटे तीनला गॅलरीत येऊन मी आधी ती ज्योत बघते आणि मग ठरवते, सायकल खाली न्यायची की खोलीतल्या ट्रेनरला, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडला, जोडायची.

कुवेत शहरापासून साठेक किलोमीटर दक्षिणेला, आखाताच्या काठावर हे गाव आहे. गाव म्हणायचं ते आपलं सवयीने. १९५८ साली एका अमेरिकन तेलकंपनीने इथे रिफायनरी उभारली, सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती कुवेतच्या सरकारी कंपनीकडे आली, आणि अलीकडच्या मोठ्या विस्तारानंतर तिची क्षमता रोजच्या साडेचार लाख पिंपांच्या घरात गेली आहे. तिच्या आसपास गोदामं, ट्रकांचे तळ, कामगारांच्या वसाहती. समुद्रकाठी कुवेती कुटुंबांची शालेह, म्हणजे सुट्टीची घरं. गुरुवारी संध्याकाळी त्यांचे दिवे लागतात आणि शनिवारी रात्री विझतात. भारतीय कुटुंबं बहुतेक उत्तरेला फहाहील, मंगफ, अबू हलीफा, महबूला इथे राहतात. आम्ही इकडे आहोत ते नवऱ्याच्या बारा तासांच्या शिफ्टमुळे. मी सायकलिंगवर लिहिते. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांसाठी, रविवारच्या पुरवण्यांसाठी, दिवाळी अंकांसाठी. नाशिकला धरलेलं हे काम लग्नानंतर, मुलं मोठी होताना, देश बदलताना सुटलं नाही. सायकलही सुटली नाही. पण सायकलवर लिहिणं आणि सायकल चालवणं ही दोन कामं एका शरीरात नांदवायची म्हणजे रोजची ओढाताण असते, आणि या जागी ती ओढाताण फार उघडी पडते.

माझ्या कामाचा सगळ्यात मोठा महिना जुलै. टूर द फ्रान्सचे तीन आठवडे. इथल्या घड्याळात टप्पा साधारण दुपारी दोनच्या आसपास सुरू होतो आणि साडेसहाच्या सुमारास संपतो. बाहेर त्या वेळी पारा अठ्ठेचाळीस-पन्नासवर. उत्तर कुवेतमधल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते पुढे तपासून मान्यही केलं. १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी अकरा ते दुपारी चार, उघड्यावर काम करून घ्यायला इथे सरकारी बंदी आहे. रस्ते ओस पडतात, कुत्रीसुद्धा ट्रकांखाली शिरतात, आणि मी पडदे ओढून, एसीच्या घरघरीत, टीव्हीवर आल्प्स बघत बसते. पोरं घाट चढत असतात. कुणाची मान एका बाजूला लवलीय, कुणी पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेतोय, कुणाच्या जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेत, ते सगळं टिपून ठेवायचं. टप्पा संपतो तेव्हा पुण्या-मुंबईत नऊ वाजलेले असतात. पान सोडायची वेळ. अर्ध्या तासात मजकूर गेला पाहिजे. तो जातो. मग उशिराचं जेवण, दुसऱ्या दिवशीच्या मार्गाचा अभ्यास, नवऱ्याची रात्रपाळी असेल तर पहाटे त्याच्या किल्लीचा आवाज. झोपेचे तुकडे पडतात, आणि तंदुरुस्ती आधी झोपेतून निसटते, पायांतून नंतर.

युरोपातला शर्यतींचा मोसम आणि इथला उन्हाळा एकाच महिन्यांत पडतात, ही माझी खरी अडचण. मार्च-एप्रिलमध्ये बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरच्या शर्यती, मेमध्ये इटलीचा जिरो, जुलैत टूर, ऑगस्टच्या उत्तरार्धापासून स्पेनची व्हुएल्टा. तिथले डोंगर मोकळे होतात तेव्हा इथला रस्ता बंद होतो. नोव्हेंबर ते मार्च इथली हवा अशी की सायकलवरून उतरू नये. सकाळी स्वेटर लागतो, धुकं पडतं, वाळवंटात कुवेती लोकांचे तंबू लागतात, पाऊस बरा झाला असेल तर मार्चमध्ये अरफजची झुडपं पिवळी होतात. त्या महिन्यांत लिहायला फारसं नसतं आणि मी भरपूर चालवते. म्हणजे हिवाळ्यात कमवायचं आणि उन्हाळ्यात खुर्चीत बसून गमवायचं. तिशीत हे चालून गेलं. जून-जुलै-ऑगस्टची तूट सप्टेंबरच्या चार आठवड्यांत भरून निघायची. पन्नाशीनंतर ती भरून निघत नाही. गेलेलं थोडं थोडं परत येतं, पूर्ण कधीच नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बाहेर पडले की मांड्या सांगतात, कुठून सुरुवात करायची आहे ते.

पाळी थांबल्यावर माझ्या शरीराने सगळेच जुने करार बदलून टाकले. रात्री अंगातून वाफा निघायच्या, आणि बाहेर पस्तीस अंशांची रात्र. खिडकी उघडून उपयोग नाही. फहाहीलच्या डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली, ती कमी निघाली. ड जीवनसत्त्वही कमी. इतका सूर्य डोक्यावर असलेल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर आहे. ऊन अंगावर घेण्यासारखं असतच नाही, माणसं गाडीतून घरात आणि घरातून गाडीत जातात, आणि मी तर पहाटेच्या अंधारात चालवून सूर्य वर यायच्या आत परतणारी. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सायकलिंगवर इतकी वर्षं लिहूनही मी कधी धसाला लावली नव्हती. सायकलने हृदय सुधारतं, फुप्फुसं सुधारतात, पायांचे स्नायू टिकतात. हाड मात्र त्याने घट्ट होत नाही. हाडाला भार लागतो, धक्का लागतो. चालताना, उड्या मारताना, वजन उचलताना तो बसतो. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते. वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंमध्येही कण्याची हाडं विरळ झालेली आढळतात. इस्ट्रोजेन उतरल्यावर बाईची हाडं पहिली काही वर्षं झपाट्याने झिजतात. तेव्हा सायकलच्या जोडीला वजनं उचलणं भागच होतं.

मी ते धरलं. जिमला जायचं तर गाडी काढून फहाहील गाठावं लागतं, म्हणून घरातच. बासमतीची दहा किलोची पिशवी छातीशी धरून उठाबशा, पाण्याचे मोठे कॅन दोन्ही हातांत घेऊन जिन्याच्या फेऱ्या. सुरुवातीला गुडघे कुरकुरले, मग कंबरेने साथ द्यायला घेतली. ही गोष्ट मी क्रीडा पानावर सविस्तर लिहिली, कारण तिथे बाईच्या शरीराला जागा फार कमी मिळते. २०२२ साली बायकांची टूर द फ्रान्स नव्याने सुरू झाली आणि नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्यूटेन एकोणचाळिसाव्या वर्षी ती जिंकली. त्या बातमीत तिच्या वयाचा आकडा सगळ्यांनी छापला. एकोणचाळिशीतलं शरीर तिथवर आणायला झोप, खाणं, वजनं, विश्रांती यांचा केवढा संसार मांडावा लागतो, ते वाचायची मला भूक होती. म्हणून मी ते स्वतः लिहायला लागले. लेख आला की जळगाव, सांगली, बेळगावहून बायकांचे फोन येतात, आणि पहिला प्रश्न गुडघ्यांचा असतो.

उष्णतेचं गणित वेगळं. शरीर तापायला लागलं की रक्ताला दोन ठिकाणी धावावं लागतं, स्नायूंकडे आणि कातडीकडे. घामाने रक्तातलं पाणी घटतं, प्रत्येक ठोक्याला हृदय थोडं कमी रक्त ढकलतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. पायांचा जोर तोच, वेग तोच, आणि घड्याळावरचा नाडीचा आकडा मात्र चढत राहतो. ज्या वेगाने जानेवारीत मी गप्पा मारत जाते, त्याच वेगाला ऑगस्टमध्ये बोलणं तुटतं. अंगाला उन्हाची सवय लागायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मात्र चार आठवडे गावी राहून आलं की ही कमाई ओसरते आणि पुन्हा पहिल्यापासून. मी आमसुलाचं सरबत करते, त्यात मीठ नेहमीपेक्षा जास्त. एका बाटलीत ते, दुसरीत साधं पाणी, खिशात बिया काढलेला खजूर आणि राजगिऱ्याची वडी. महागड्या जेल मी वापरून पाहिल्या आहेत. त्या गरम झाल्यावर घशाखाली उतरत नाहीत. खजूर गरम झाला तरी खजूरच राहतो. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर पाण्याचा घोट घ्यायलाही कायद्याने मनाई आहे, आणि सगळा परिसर उपाशी असताना बाटली तोंडाला लावावीशी वाटतही नाही. त्या महिन्यात मी इफ्तारनंतर दोन तासांनी निघते. रस्त्यावर दिवाळीच्या रात्रीसारखी वर्दळ असते, मुलं फूटपाथवर खेळत असतात, आणि बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी पोरगा लबनची, म्हणजे ताकाची, थंड बाटली पुढे करतो.

घरातल्या ट्रेनरवर भागत नाही का, असं मला पुष्कळजण विचारतात. भागतं. नाडी वाढते, घाम येतो, पडद्यावर डोंगरसुद्धा दिसतो. पण सायकलवर लिहिणाऱ्याने रस्त्यावर गेलं पाहिजे, असं मी मानते, आणि हे मानणं मी या धंद्याच्या पूर्वजांकडून घेतलं आहे. १९०२च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर फ्रान्सभर सायकलशर्यत काढण्याची कल्पना मांडणारा झेओ लेफेव्र हा ‘लोतो’ या दैनिकाचा पंचविशीतला सायकल-वार्ताहर होता. पुढच्या जुलैत ती शर्यत झाली, सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर. साठजण निघाले, एकवीस पोचले. लेफेव्र थोडा प्रवास रेल्वेने करायचा, मग सायकल काढून मार्गावर जायचा, रात्रीबेरात्री तपासणीनाक्यांवर उभा राहायचा आणि बातमीही तोच पाठवायचा. त्याचा संपादक ऑन्री देग्रांज हा १८९३ साली तासाला ३५.३२५ किलोमीटरचा पहिला अधिकृत विक्रम करणारा माणूस. तो कठोर होता. गिअर बदलणं हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचं काम, असं त्याचं मत होतं, आणि टूरमध्ये गिअर बदलायचं यंत्र १९३७पर्यंत येऊ दिलं गेलं नाही.

देग्रांजच्या त्या रेषेच्या पलीकडे मी केव्हाच गेले आहे, आणि माझा ओढा दुसऱ्या एका संपादकाकडे आहे. पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ. साँ-एत्येनचा हा रेशमाचा व्यापारी. १८८७ साली त्याने सायकलवरचं मासिक काढलं आणि मरेपर्यंत त्यात लिहीत राहिला. रात्रभर सायकल चालवून दूरच्या डोंगरांत जायचं, परत यायचं आणि मग ते लिहायचं, हा त्याचा क्रम. शाकाहारी होता. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थकवा इतका येऊ देऊ नका की जेवण आणि झोप उडेल, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी चालवू नका, असं तो वाचकांना सांगत आला. गिअर बदलण्याच्या यंत्रासाठी तो आयुष्यभर भांडला. १९३०मध्ये शहरातल्या ट्रामने धडक दिली त्यात तो गेला, सत्तरी उलटल्यावर. त्याचे नियम मी छापून मेजासमोर लावलेले नाहीत, ते पाठच आहेत, आणि मीना अब्दुल्लाच्या हवेत त्यातलं खाण्यापिण्याचं सांगणं शब्दशः पाळावं लागतं.

आपल्याकडचा पूर्वज तर क्रीडापत्रकारच. मुंबईचा फ्रामरोझ दावर १९२४ साली सायकल घेऊन निघाला आणि सात वर्षं जगभर चालवत राहिला. वाटेत भेटलेला एक ऑस्ट्रियन त्याचा सोबती झाला. दोघांनी सहारा ओलांडलं, दक्षिण अमेरिकेत अँडीज आणि ॲमेझॉनचं खोरं पार केलं, आणि दावरने त्यावर पुस्तकं लिहिली. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर १९२३मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८मध्ये ती पुरी करून आले. ते इराणमधून बगदादला आणि तिथून वाळवंटातून सीरियाकडे गेले, म्हणजे माझ्या गॅलरीतून उत्तरेला पाहिलं तर त्याच वाळवंटाच्या पलीकडच्या अंगाने. डांबर नाही, नकाशे अर्धेमुर्धे, पाणी जिथे मिळेल तिथे. त्यांना तंदुरुस्तीचं कुठलं यंत्र दिमतीला नव्हतं, मुंबईतल्या व्यायामशाळेत कमावलेलं शरीर तेवढं होतं.

रस्त्यावर गेल्याने लिहिण्यात काय फरक पडतो, ते एकदा कायमचं कळलं. २०१६च्या ऑक्टोबरात दोह्याला जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली, पुरुषांची २५७ किलोमीटरची. वाळवंटात आडवा वारा सुटला, बेल्जियमच्या खेळाडूंनी पुढे जाऊन वेग वाढवला, आणि अंतर पुष्कळ उरलेलं असतानाच मोठमोठी नावं मागे सुटली. शेवटी पीटर सागान जिंकला. आडव्या वाऱ्यात खेळाडू एकामागे एक न राहता रस्त्यावर तिरकी रांग धरतात, प्रत्येकजण पुढच्याच्या आडोशाला, थोडा बाजूला. हे मी कितीदा लिहिलं असेल. शुक्रवारी आमचा एक लहानसा गट समुद्राच्या बाजूच्या रस्त्याने दक्षिणेला बनैदरकडे जातो, कधी खिरानपर्यंत. दोन-तीन मल्याळी, फिलिपिनो नर्स, एक इजिप्शियन इंजिनिअर आणि मी. दोह्याच्या शर्यतीनंतरच्या हिवाळ्यात एकदा परतताना शमाल उठला. डाव्या खांद्यावर, थोडा समोरून. इंजिनिअर रस्त्याच्या डाव्या अंगाला गेला, बाकीचे त्याच्या उजव्या हाताला एकेक करून पसरले आणि मी सगळ्यांत शेवटी, जिथे डांबर संपून वाळू सुरू होते त्या काठावर. माझ्यासाठी आडोसा उरलाच नव्हता. पुढचं चाक दोन बोटं उजवीकडे गेलं की वाळूत, दोन बोटं डावीकडे नेलं की पुढचीच्या मागच्या चाकाला लागणार. नाडी चढली, दातांत रेती. माझ्या पुढे चालवणारी नर्स माझ्याहून ताकदवान नव्हती, ती फक्त दोन सेकंद आधी जागेवर आली होती. तिरक्या रांगेत माणूस सुटतो तो पाय संपले म्हणून नव्हे, रस्ता संपला म्हणून. दोह्यात मागे राहिलेल्यांविषयी ‘ताकद कमी पडली’ असं किती बातम्यांत छापून आलं होतं! आता अशी शर्यत आली की मी वारा सुटायच्या आधी कोण कुठे होता ते शोधते, आणि टेप मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघते.

ओमानच्या शर्यतीतला २०१५चा एक टप्पाही असाच. आधी धुळीच्या वादळाने सुरुवातीची जागा बदलली, मग उष्णतेने आणि उतारावरच्या ब्रेकांनी तापून टायर फुटू लागले, खेळाडू पुलाखाली सावलीला थांबले आणि टप्पा रद्द झाला. युरोपात काहींनी त्यांना नाजूक म्हटलं. मी त्यांची बाजू घेऊन लिहिलं. मीना अब्दुल्लाच्या मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेल्या सायकलच्या रिमला ज्याने हात लावला आहे, तो दुसरी बाजू घेऊच शकत नाही.

पण इथे सायकल खरोखर कोण चालवतं? पहाटे साडेतीनच्या सुमारास सर्व्हिस रोडला लागले की समोरून, बहुधा उलट दिशेने, अंधारातून सायकली येतात. दिवा नाही, रिफ्लेक्टर असेल तर धुळीने आंधळा. काळ्या पोलादी सायकली, मागे कॅरिअरला प्लायवूडची फळी, हँडलला डब्याची पिशवी. बांगलादेशी, नेपाळी, तेलंगणाचे, बिहारचे लोक. गोदामांवर, शालेहांवर, बांधकामांवर पहारे आणि साफसफाई करणारे. गाडी नाही, आणि त्यांच्या पाळीला बस जुळत नाही. कंपन्यांच्या कागदांत वा आमच्या शुक्रवारच्या गटांत त्यांची सायकलस्वार म्हणून कुठे गणती नाही. पण महिन्याकाठचे किलोमीटर मोजले तर ते माझ्याहून पुष्कळ पुढे भरतील, आणि तेही ऑगस्टमध्ये, पाळी संपवून भर उन्हात परतताना.

त्यांतले एक पहारेकरी निझामाबाद जिल्ह्यातले आहेत. तरुणपणी नांदेडला काम केलेलं असल्याने मराठी चांगलं बोलतात. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. ताई म्हणा असं कितीदा सांगूनही बदललेलं नाही. एकदा थांबून बोलत होतो तेव्हा ते सीटवरून उतरताना गुडघा दाबून धरत होते. सीट फार खाली होती. बहुतेकांची असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण मग प्रत्येक फेरीला गुडघा अतोनात दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. माझ्याकडे पाना होता. त्यांना सायकलवर बसवलं, खांबाला धरायला सांगितलं, पेडल अगदी खाली नेऊन टाच त्यावर ठेवायला लावली. टाच टेकलेली असताना पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्यायची, हा जुना, सोपा हिशोब. नळी गंजून अडकली होती. ते खाली उतरले, कुठल्याशा पिंपातलं ग्रीस बोटावर घेऊन आले, आम्ही दोघांनी सीट पिरगाळून पिरगाळून सोडवली आणि चार बोटं वर घेतली. चढल्यावर ते घाबरले. “मॅडम, पडेन ना.” पडले नाहीत. पुढे भेटले तेव्हा गुडघ्याचं काही बोलले नाहीत, सोबतच्या दोघांना घेऊन आले होते आणि त्यांच्याही सीट वर घ्यायच्या होत्या.

उन्हात कसं चालवायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. ते कधी जोर लावत नाहीत. टोपीखाली ओला गमछा, नाकाने श्वास, आणि फलकाची किंवा गोदामाची सावली आली की तिच्यात अर्धं मिनिट पाय सोडून सायकल नुसती घरंगळू द्यायची. वाळू साचलेल्या वळणावर ते टायरमधली हवा थोडी कमी ठेवतात. माझ्या पुस्तकांत हे सगळं आहे, ‘प्रयत्नाची तीव्रता’ वगैरे शब्दांत. पण नाडी मोजणारं घड्याळ बघत बघत मी जे साधायचा प्रयत्न करते, ते त्यांच्या चालवण्यात मुरलेलं आहे. मागच्या उन्हाळ्यापासून माझ्या खिशात मागच्या बाजूला लावायचे लाल दिवे जास्तीचे असतात. रबराने सीटखाली बांधता येतात, बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. जो भेटेल आणि घेईल त्याला द्यायचा. काहीजण घेत नाहीत, दिव्यामुळे चोर सायकल हेरतात म्हणतात. खरं असेल. मी आग्रह करत नाही.

नाशिकची माझी पिढी २०१५ विसरणार नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पुरी केली, नऊ दिवसांच्या मुदतीत. भारतीय संघाने ती पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. दवाखाने सांभाळून, पहाटे उठून सराव करणारी ही माणसं. त्यांच्यानंतर आपल्याकडे सायकल घेणाऱ्यांची लाट आली आणि तिच्याबरोबर आकड्यांचीही. किती किलोमीटर, किती वॉट, किती किलो कमी झाले. मला आकडे आवडतात, माझं अर्धं काम त्यांच्यावर चालतं. पण वाचक बायका फोनवर ‘किती दिवसांत वजन उतरेल’ विचारतात तेव्हा मी विषय दुसरीकडे नेते. बाजारहाट करून पिशव्या घेऊन तीन जिने चढता येतात का, रात्री सलग झोप लागते का, वारा समोरून आला तर परत फिरावंसं वाटतं का, की आणखी थोडं जावंसं वाटतं, हे मी विचारते. मी स्वतःलाही तेच विचारते, विशेषतः ऑगस्टच्या शेवटी, जेव्हा काटा वर गेलेला असतो आणि ट्रेनरखालच्या चटईवर घामाचा डाग रोज लहान होत चाललेला असतो.

या ऑक्टोबरात आणखी एक काम अंगावर घेतलं आहे. महबूलाच्या समुद्राकडच्या एका मोठ्या पार्किंगमध्ये शुक्रवारी उजाडताना आम्ही जमतो. आमच्या ओळखीपाळखीतल्या मराठी बायका, ज्यांना कधी सायकल शिकायला मिळाली नाही. कुणाच्या घरी एकच सायकल आणि ती भावाची, कुणाला वयात आल्यावर उतरवलेलं. सगळ्यांत मोठ्या आहेत भुसावळच्या एक मावशी, साठीला टेकलेल्या, नातवाला सांभाळायला लेकाकडे आलेल्या. मोठ्या माणसाला शिकवताना मागून सीट धरून पळायचं नसतं. दोन्ही पेडल काढून टाकायची, सीट खाली घ्यायची आणि पायांनी जमीन ढकलत ढकलत पुढे जायला सांगायचं. एक ढकल, मग दोन्ही पाय उचलून जितकं जाईल तितकं. तोल आधी येतो, पेडल मारणं नंतर. मावशींनी पहिले काही शुक्रवार नुसती सायकल ढकलली. हात इतके घट्ट आवळलेले की बोटं पांढरी पडायची. मग एका सकाळी पाय उचललेले राहिले आणि त्या खांबांमधलं अख्खं अंतर तशाच गेल्या. “व माय!” एवढंच म्हणाल्या आणि सायकल वळवून पुन्हा निघाल्या.

परवाच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच पेडल लावायला सांगितलं. मी पाना काढला. उजवं बसलं. डावं त्यांनी माझ्या हातातून घेतलं, फिरवायला लागल्या, ते काही धरेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, मी सांगितलं, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं; आटे सरळ असते तर चालवता चालवता ते आपोआप सैल होत गेलं असतं. त्यांनी हे दोनदा विचारून घेतलं, उलट फिरवून पाहिलं, आटे धरल्यावर पाना मागितला आणि शेवटचा पीळ स्वतः दिला. ओढणी कमरेला गाठली. शमाल वाहत होता, हलकाच, जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर येणार होता. तेही मी त्यांना सांगितलं.

“मग आज कुठपर्यंत?” त्यांनी विचारलं. “त्या दुसऱ्या खांबापर्यंत की रस्त्याच्या तोंडापर्यंत?”

रस्त्याच्या तोंडापर्यंत, मी म्हटलं, आणि माझी सायकल घेऊन त्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला गेले.